मठपति सॅम्सन आणि त्याचा बखरकार

युरोपांतील मध्ययुगीन ख्रिस्ती मठांचें नांव निघालें म्हणजे सुशिक्षित वाचकाच्या मनापुढें सामान्यतः दोन चित्रें उभीं राहतात. एक, वादळांत ज्ञानाचा दिवा जपून ठेवणाऱ्या विरक्त भिक्षूंचें. दुसरें, इनामांवर पोसलेल्या व खाण्यापिण्यांत रमलेल्या ऐदी बुवांचें. पहिलें भाविकांनीं रंगविलें, दुसरें धर्मसुधारणेच्या काळांतील त्यांच्या प्रतिपक्षानें. दोहोंतही सत्याचा अंश आहे. परंतु मठांत राहणाऱ्या विचारी माणसाला जो प्रश्न खरोखर छळीत असे तो या दोहोंपैकीं एकाही चित्रांत दिसत नाहीं. तो प्रश्न असा कीं, शेंकडों वर्षांच्या देणग्यांनीं मोठी झालेली संस्था एकदां बिघडली म्हणजे ती सुधारावयाची कोणीं, कशी, आणि त्या सुधारणेची किंमत कोणीं द्यावयाची?

या प्रश्नाशीं जन्मभर झुंजलेला एक पुरुष म्हणजे इंग्लंडांतील सफोक परगण्यांत बरी सेंट एडमंड्स येथें ११८२ पासून १२११ पर्यंत गादीवर असलेला मठपति सॅम्सन. तो संत म्हणून पूजला गेला नाहीं. क्लेअरव्होच्या बर्नार्डप्रमाणें त्यानें राजांना व पोपांना उपदेशाचे धडे दिले नाहींत, किंवा क्लूनीच्या मठपतींप्रमाणें देशोदेशीं मठांचें जाळें विणलें नाहीं. एक बुडत चाललेला मठ त्यानें वर काढला, एवढीच त्याची कर्तबगारी. अशीं माणसें पुष्कळ होऊन गेलीं असतील. पण त्यांचीं नांवें दानपत्रांच्या शेवटीं साक्षीदारांच्या ओळींत दडून राहिलीं. सॅम्सनचें भाग्य असें कीं, त्याच्याजवळ एक प्रामाणिक बखरकार होता.

या बखरकाराचें नांव ब्रेकलंडचा जोसेलिन. ११७३ सालीं त्यानें याच मठांत दीक्षा घेतली. त्या वेळीं नव्या शिष्यांचा गुरु खुद्द सॅम्सन होता. पुढें सॅम्सन मठपति झाल्यावर जोसेलिन सहा वर्षें त्याचा खाजगी चिटणीस व धर्मोपाध्याय म्हणून रात्रंदिवस त्याच्याबरोबर राहिला. आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें व कानांनीं ऐकलेलें त्यानें लॅटिन भाषेंत लिहून ठेवलें. तें हस्तलिखित साडेसहाशें वर्षें ग्रंथालयांत पडून होतें. १८४० सालीं लंडनच्या कॅम्डेन सोसायटीनें तें छापलें, आणि तीनच वर्षांनीं कार्लाइलनें आपल्या ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या ग्रंथांत सॅम्सनला एका खऱ्या राज्यकर्त्याचा आदर्श म्हणून जगापुढें उभें केलें. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्याकडील पिढ्यांनाही सॅम्सनचा परिचय झाला असेल तर तो बहुधा कार्लाइलच्याच द्वारें. परंतु कार्लाइलचा सॅम्सन आणि जोसेलिनचा सॅम्सन हे तंतोतंत एक नव्हेत. आणि त्या दोहोंत जें अंतर आहे तेंच आमच्या मतें या चरित्राचें खरें सार आहे.

प्रथम मठाची स्थिति पाहूं. नवव्या शतकांत डेन लोकांच्या हातून मारला गेलेला पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड हा इंग्लंडांतील मोठा संत गणला जाई. त्याचा देह येथें पुरलेला असून त्याच्या समाधीभोंवतीं अकराव्या शतकांत बेनेडिक्टच्या पंथाचा हा मठ स्थापन झाला. राजांनीं व सरदारांनीं त्याला इतकें दिलें होतें कीं, पश्चिम सफोकमधील साडेआठ ‘हंड्रेड’, म्हणजे आपल्याकडील महालांसारखे साडेआठ विभाग, मठपतीच्या अधिकाराखालीं होते. तेथें राजाचा शेरीफ नव्हे, तर मठपतीचे अंमलदार न्याय करीत व दंड वसूल करीत. बरी हें गांवही मठाचेंच. सारांश, मठपति हा एकाच वेळीं धर्मगुरु, जमीनदार, न्यायाधीश आणि राजाला घोडेस्वार पुरविणारा सरंजामदार असे.

सॅम्सनच्या आधींचा मठपति ह्यू हा सज्जन मनुष्य होता. जोसेलिन त्याच्या भक्तीविषयीं व दयाळूपणाविषयीं एक वांकडा शब्द लिहीत नाहीं. पण वय झालेलें, डोळे अधू, आणि व्यवहारज्ञान बेताचें. त्यामुळें भोंवतालच्या माणसांचें फावलें. मठांतील प्रत्येक अधिकाऱ्याजवळ स्वतःचा शिक्का असे, आणि जो तो आपल्या शिक्क्यावर वाटेल तेथून कर्ज काढी. पैसा कमी पडला कीं रेशमी झगे व सोन्याचीं भांडीं गहाण पडत. हें कर्ज कसें वाढे याचा एक नमुना जोसेलिननें दिला आहे. सॅक्रिस्ट, म्हणजे मंदिरांतील दिवाबत्ती, पूजेचीं भांडीं व डागडुजी पाहणारा अधिकारी, यानें एका पडक्या खोलीच्या दुरुस्तीसाठीं नॉर्विचच्या बेनेडिक्ट नांवाच्या यहुदी सावकाराकडून ४० मार्क उचलले. एक मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. तेव्हां ही रक्कम २७ पौंडांच्याही आंत होती. व्याज चढत चढत ती १०० पौंडांवर गेली. तें फेडण्यास पैसा नाहीं म्हणून आणखी १०० पौंड घेऊन चार वर्षांनीं ४०० पौंड देण्याचा रोखा लिहून दिला. चार वर्षें संपलीं, तेव्हां ८८० पौंडांचा नवा रोखा झाला. किरकोळ रोखे धरून शेवटीं त्या एका सावकाराचें येणें व्याजाशिवाय १,२०० पौंड झालें. विल्यम नांवाच्या एका ख्रिस्ती सावकाराच्या नांवें १,०४० पौंडांचा रोखा जोसेलिननें स्वतः पाहिला. तो कां लिहून दिला हें त्याला कधींच कळलें नाहीं. सावकार दोन्ही धर्मांचे होते ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा पुढें संबंध येणार आहे.

हें सर्व डोळ्यांदेखत चाललें असतां कोणी बोलत कां नव्हतें? शिष्यदशेंत असतांना जोसेलिननें हाच प्रश्न सॅम्सनला विचारला. गुरूनें उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, एकदां पोळलेल्यानें विस्तवापासून दूर राहावें. मठाच्या हिताची गोष्ट मठपतीच्या इच्छेविरुद्ध बोलल्याबद्दल त्यानें कैद भोगली होती, कॅसल एकर येथें हद्दपारीही भोगली होती. इतरांचेंही तसेंच झालें होतें. सध्यां खुशामत्यांचा काळ आहे, योग्य वेळ येईपर्यंत थांबावें, असा त्याचा उपदेश होता. हें थांबणें भ्याडपणाचें नव्हतें. सॅम्सनचें धाडस त्याच्या तरुणपणींच दिसून आलें होतें. पोपच्या गादीवर दोन प्रतिस्पर्ध्यांनीं हक्क सांगितला होता त्या धामधुमींत तो मठाच्या कामासाठीं रोमला गेला. तिसऱ्या अलेक्झांडरचीं पत्रें जवळ सांपडली तर वाटेंत नाक-कान जाण्याची किंवा फांशीं जाण्याची भीति. सॅम्सननें स्कॉटलंडच्या माणसाचा वेष घेतला, हातांतली काठी उगारीत व वेड्यासारखा ओरडत तो चालला. झडती घेणाऱ्यांनीं अंगावरचे कपडे व जोडेही तपासले, तेव्हां पत्र पाणी पिण्याच्या कपाखालीं हातांत धरून त्यानें तो हात वर केला आणि तें वांचविलें. एवढें करून परत येतो तों ज्या चर्चच्या उत्पन्नासाठीं ही यातायात केली तें दुसऱ्यास देऊन टाकलेलें! अशा माणसाला मुकाट्यानें थांबणें किती जड गेलें असेल याची कल्पना करतां येते.

११८० च्या सप्टेंबरांत कँटरबरीच्या यात्रेला जात असतां ह्यू घोड्यावरून पडला आणि नोव्हेंबरांत वारला. पुढें सव्वा वर्ष गादी रिकामी राहिली व मठाच्या उत्पन्नावर राजाचे अधिकारी बसले. या मुदतींत मठवाशांत जी कुजबूज चालली तिचें वर्णन जोसेलिननें मोठ्या मौजेनें केलें आहे. एकाला विद्वान मठपति हवा, दुसऱ्याला विद्वानांची धास्ती. कोणाला कडक माणूस नको, कोणाला मऊ नको. या सर्व गप्पांत सॅम्सन नुसता हसत बसे. पण कोण काय बोललें हें त्यानें ऐकून ठेवलें होतें, आणि त्यांतील कांहीं शब्द तो वीस वीस वर्षांनीं बोलणाऱ्याला परत ऐकवी. शेवटीं दुसऱ्या हेन्री राजानें तेरा भिक्षूंना बोलाविलें. आपसांत भांडून राजापुढें हंसें होऊं नये म्हणून सहा निवडक जणांनीं तीन नांवें गुप्तपणें लिहून तो कागद मोहरबंद करावा, ही तोड सॅम्सननेंच सुचविली होती. २१ फेब्रुवारी ११८२ रोजीं बिशप्स वॉल्टम येथें तो कागद उघडला तेव्हां त्यांत पहिलें नांव सॅम्सनचेंच निघालें. राजा त्याला ओळखतही नव्हता. तुम्ही म्हणतां म्हणून मी मान्य करतों, पण काम बिघडलें तर तुमची गांठ माझ्याशीं आहे, अशा अर्थाची ताकीद त्यानें भिक्षूंना दिली. सॅम्सननें राजाच्या पायांस स्पर्श केला, पण लगेच उठून ताठ मानेनें स्तोत्र म्हणत तो वेदीकडे चालता झाला. तें पाहून राजानेंच उद्गार काढले कीं, हा गृहस्थ स्वतःला या पदास लायक समजतो खरा.

पाम संडेच्या दिवशीं, २१ मार्च ११८२ रोजीं, सत्तेचाळीस वर्षांचा हा नवा मठपति अनवाणी पायांनीं मठाच्या मंदिरांत शिरला. त्याच्यामागें नातलग म्हणविणाऱ्यांची रीघ लागली होती. कायद्याची माहिती असलेला एक सरदार ठेवून बाकीच्यांना त्यानें वाटेस लावलें. उलट, आपण गरीब विद्यार्थी असतांना ज्या शिक्षकानें आपल्याला फी न घेतां शाळेंत बसूं दिलें, त्याच्या मुलाला त्यानें एका चर्चचें उत्पन्न दिलें. आप्तांना नकार आणि उपकारकर्त्याची आठवण, या दोन गोष्टींवरून नव्या कारभाराची दिशा सर्वांना समजली.

मग त्यानें सर्व अधिकाऱ्यांचे शिक्के मागविले. ते तेहतीस निघाले. ते त्यानें आपल्या ताब्यांत घेतले आणि हुकूम केला कीं, प्रायर व मठवासी यांच्या संमतीशिवाय एकाही अधिकाऱ्यानें वीस शिलिंगांवर कर्ज काढूं नये. कर्जबाजारी सॅक्रिस्टला काढून टाकलें. दफनभूमींतील त्याचीं घरें मद्यपानाचा अड्डा झालीं होतीं म्हणून तीं पाडविलीं. आणि वर्षाच्या आंत, जेथें मोठी इमारत होती तेथें घेवड्याचे वेल दिसूं लागले, व जेथें दारूचीं पिंपें होतीं तेथें खाजकुइलीचें रान माजलें, असें जोसेलिन सांगतो. पण सावकार सहजासहजीं जाणारे नव्हते. मठपति जाईल तेथें ते रोखे घेऊन हजर होत. चिंतेनें त्याची झोंप उडाली, तो फिकट व कृश दिसूं लागला. या कर्जाचा शेवट किती हें कळेपर्यंत मनाला स्वस्थता नाहीं, असें तो म्हणे. त्यानें हप्ते ठरवून घेतले आणि गांवोगांव फिरून चौकशी सुरू केली. कोणत्या शेतावर कोणाचा किती खंड, कोणत्या गांवीं कोणती सेवा, कोठें मक्तेदारानें उत्पन्न दडविलें आहे, हें सर्व त्यानें लिहवून घेतलें. चार वर्षांच्या आंत अशी स्थिति आली कीं, मठाच्या खंडांतील एक पेनीबाबतही त्याला कोणी फसवूं शकत नसे. या वहीला त्याचें ‘कॅलेंडर’ म्हणत. आरशांत तोंड पाहावें तसा तो बहुधा रोज तिच्यांत पाही. निवडणुकीपासून बारा वर्षांत तीन हजार पौंडांहून अधिक कर्ज फिटलें. ज्यांना इतिहासांत फक्त लढायाच दिसतात त्यांनीं ही लढाईही पाहावी. तिचें हत्यार एक खतावणी होतें.

या माणसाचें चित्र जोसेलिननें इतक्या बारकाईनें रेखाटलें आहे कीं, बाराव्या शतकांतील फारच थोड्या माणसांचे चेहरे आपल्याला इतके स्पष्ट दिसतात. बेताची उंची, जवळजवळ टक्कल, पुढें आलेलें नाक, जाड ओंठ, भेदक डोळे, लांब भुंवया. तांबूस दाढींत निवडणुकीच्या वेळीं चारदोन केंसच पांढरे होते. चौदा वर्षांत तो बर्फासारखा पांढरा झाला. ११८७ सालीं जेरुसलेम पडल्याची बातमी ऐकल्यापासून त्यानें मांस सोडलें आणि अंगाला केसाळ खरखरीत वस्त्र लावलें. दूध व मध हे त्याचे आवडते पदार्थ. खोटें बोलणारा, दारुडा व वाचाळ यांचा त्याला तिटकारा. पॅरिसला शिकलेला, लॅटिन व फ्रेंच उत्तम जाणणारा हा विद्वान लोकांपुढें मात्र नॉरफोकच्या गांवठी इंग्रजींत प्रवचन करी, कारण तो त्याच भागांतला होता आणि ऐकणारेही तेच होते. आणखी एक गोष्ट त्यानें खाजगींत जोसेलिनजवळ बोलून दाखविली. शाळेंत राहण्यापुरतें पांच-सहा मार्कांचें उत्पन्न असतें तर आपण भिक्षुही झालों नसतों. आणि हा भार आधीं कळता तर मठपति होण्यापेक्षां ग्रंथालयाचा रखवालदार होणें पत्करलें असतें. सत्ता ज्याला जड वाटते त्याच्याच हातीं ती शोभते, असें आपण म्हणतों. सॅम्सनच्या बाबतींत हें अर्धेंच खरें ठरलें, हें पुढें दिसेल.

राजसत्तेपुढें तो कधीं वांकला नाहीं. सिंहहृदय रिचर्ड जर्मनींत कैदेंत पडला तेव्हां त्याच्या सुटकेच्या खंडणीसाठीं देशभर चर्चचें सोनेंचांदी गोळा झालें. बरीच्या मठानेंही आपला सोन्याचा पूजापात्र दिला, आणि सॅम्सन स्वतः जर्मनींत जाऊन राजाला भेटून आला. पण खजिन्याच्या अधिकाऱ्यांनीं संत एडमंडच्या समाधीवरील सोन्याचा पत्रा उतरवावा असें म्हटलें, तेव्हां तो म्हणाला कीं, मी मंदिराचीं दारें उघडीं ठेवतों, ज्याची छाती असेल त्यानें आंत यावें. कोणाची छाती झाली नाहीं. पुढें एका पोरक्या वारस मुलीच्या पालकत्वावरून रिचर्ड त्याच्यावर संतापला, तरी मठाचा हक्क त्यानें सोडला नाहीं. शेवटीं राजानेंच शिकारी कुत्रे व घोडे यांची भेट घेऊन राग गिळला व उलट एक आंगठी पाठविली.

गरिबांविषयीं त्याला कळवळा नव्हता असेंही नाहीं. त्यानें बरी येथें दगडी घरें विकत घेऊन शाळेला दिलीं, कारण गरीब विद्यार्थ्यांना जागेच्या भाड्यासाठीं पेनी किंवा अर्धी पेनी द्यावी लागे. गांवाबाहेर रुग्णालय स्थापन केलें. कापणीच्या वेठीऐवजीं घरटीं एक पेनी घेण्याची जुनी वहिवाट होती. श्रीमंत ती चुकवीत; कोठावळ्याची माणसें गरिबांच्या घरीं शिरून तिवया, भांडीं, दारें उचलून नेत; मग म्हाताऱ्या बायका सूत कातण्याच्या टकळ्या उगारून शिव्या देत त्यांच्या अंगावर धांवत. सॅम्सननें गांवाकडून वर्षाला ठोक वीस शिलिंग घेण्याचें ठरवून हा तमाशा बंद केला.

येथपर्यंत जमेची बाजू झाली. पण खतावणीला दुसरी बाजू असते.

ह्यूच्या काळीं बरीचे यहुदी लोक मठांत मोकळेपणीं येत-जात. त्यांचा पैसा मठाच्या खजिन्यांत सुरक्षित ठेवलेला असे; इतकेंच नव्हे, तर यादवीच्या दिवसांत त्यांच्या बायकामुलांना मठाच्या आवारांत आसरा मिळाला होता. जोसेलिन ही गोष्ट जुन्या कारभाराचा एक गैरप्रकार म्हणून नोंदवितो. आज वाचतांना ती त्या ढिल्या कारभारांतील एक माणुसकीची गोष्ट वाटते. ११८१ सालीं रॉबर्ट नांवाच्या एका मुलाच्या मृत्यूचें खोटें किटाळ यहुदी लोकांवर आलें आणि त्या मुलाचा देह मठाच्या मंदिरांत पुरला गेला. ११८९ सालीं रिचर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळीं लंडनमध्यें दंगल उसळली. पुढील वर्षीं ती नॉर्विच, स्टॅम्फर्ड, यॉर्क अशी पसरत गेली. यॉर्कला दंगेखोरांनीं मंदिरांत ठेवलेले कर्जरोखे जाळले, यावरून त्यांच्या धर्मवेडांत कोणता दुसरा हेतु मिसळला होता तें उघड आहे. बरी येथें १८ मार्च ११९० रोजीं सत्तावन्न यहुदी मारले गेले. तो दिवस पाम संडेचा होता. आठ वर्षांपूर्वीं त्याच सणाला सॅम्सन अनवाणी मंदिरांत शिरला होता. या कत्तलींत त्याचा हात होता असें मानण्यास आधार नाहीं. परंतु नंतर त्यानें काय केलें हें जोसेलिननेंच लिहून ठेवलें आहे. या गांवांतील प्रत्येक माणूस संत एडमंडचा असला पाहिजे; यहुदी हे राजाचे आहेत, तेव्हां त्यांना माझ्या अधिकाराखालीं द्या, नाहींतर घालवून द्या, अशी विनंती त्यानें राजाकडे केली. राजाज्ञा आली, जंगम मालमत्ता व घरांची किंमत घेऊन उरलेले यहुदी सशस्त्र पहाऱ्यांत बरीबाहेर गेले, आणि जो कोणी त्यांना पुन्हां थारा देईल त्याला बहिष्काराची शिक्षा जाहीर झाली. जोसेलिन हें कृत्य मठपतीच्या सद्गुणांत मोजतो. सत्तावन्न मृतांविषयीं त्याच्या बखरींत एक शब्दही नाहीं. १,०४० पौंडांचा रोखा ख्रिस्ती सावकाराच्या नांवचा होता. पण म्हणून कोणी ख्रिस्त्यांना गांवाबाहेर काढलें नाहीं. सुधारकाची दृष्टि संस्थेच्या हितावर खिळली म्हणजे संस्थेबाहेरचीं माणसें त्याला माणसें म्हणून दिसेनाशीं होतात, याचें हें भयंकर उदाहरण आहे.

संस्थेच्या आंतील माणसांचाही अनुभव कांहीं अंशीं तसाच झाला. ११९१ च्या सुमारास हर्बर्ट नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें माळावर एक पवनचक्की उभारली. इंग्लंडांतील अगदीं जुन्या पवनचक्क्यांच्या उल्लेखांपैकीं हा एक आहे. मठपतीच्या चक्क्यांचें उत्पन्न बुडेल म्हणून सॅम्सन इतका संतापला कीं, ती पाडेपर्यंत अन्न घेणार नाहीं असें म्हणाला. वाऱ्यावर सर्वांचा हक्क आहे, आणि मी फक्त माझेंच धान्य दळणार, ही हर्बर्टची विनवणी व्यर्थ गेली. मठपतीचे लोक पोंचण्यापूर्वींच त्या म्हाताऱ्यानें चक्की स्वतः उतरवून ठेवली. लेकनहीथ येथें ईलीच्या भिक्षूंनीं नवा बाजार भरविला, तेव्हां सहाशें सशस्त्र लोक रात्रीं पाठवून सॅम्सननें खाटकांचीं दुकानें उलथीं केलीं. मठाच्या कोठीचा खर्च आटोक्यांत येत नाहीं म्हणून त्यानें कोठावळ्याचा कारभार आपल्या हातीं घेऊन त्यावर आपला एक कारकून नेमला. हिशेब सुधारला, पण भिक्षूंच्या मनाला तें लागलें. आपल्या अन्नावर बाहेरचा माणूस देखरेख करतो, याचा अर्थ आपल्यावर विश्वास नाहीं, असा त्यांनीं घेतला. तो अर्थ चुकीचा नव्हता.

११९९ च्या सुमारास भांडण शिगेस पोंचलें. रॅल्फ नांवाचा द्वारपाल मठाविरुद्धच्या दाव्यांत सामील झाला म्हणून भिक्षूंनीं त्याचा शिधा कमी केला. मठपतीनें तो परत देण्याचा हुकूम काढला. प्रथमच उघड अवज्ञा झाली. सॅम्सन रागानें मठ सोडून गेला. भिक्षूंकडून आपल्या जिवाला धोका आहे असें म्हणाला. परत येऊन त्यानें कांहींना बहिष्कृत केलें, कांहींना कैदेंत टाकलें. मग भिक्षूंनीं माघार घेतली, आणि त्यांना शरण आलेले पाहून मठपतीच्याही डोळ्यांत पाणी आलें. सर्वांना त्यानें शांतीचें चुंबन दिलें. या प्रसंगांत कोण जिंकलें तें स्पष्ट आहे. वाईट कारभाराविरुद्ध बोलल्याबद्दल ज्यानें एकेकाळीं कैद भोगली, त्याच्याच कारकीर्दींत चांगल्या कारभाराविरुद्ध बोलणारे कैदेंत गेले. फरक एवढाच कीं, आतां कारभार खरोखरच चांगला होता. म्हणूनच विरोध करणाऱ्याला उत्तर सांपडत नव्हतें.

याच्या आदल्या वर्षीं, १७ ऑक्टोबर ११९८ रोजीं, मेणबत्ती पडून समाधीजवळच्या लांकडी भागाला आग लागली. मठपति बाहेरगांवीं होता. परत आल्यावर त्यानें ही आपत्ति पापाचें फळ, विशेषतः खाण्यापिण्याविषयींच्या कुरकुरीचें फळ, असा निवाडा दिला. पुढच्या महिन्यांत मध्यरात्रीं थोडे निवडक भिक्षु बरोबर घेऊन त्यानें समाधि उघडली व संताचा देह डोळ्यांनीं पाहिला, हातांनीं स्पर्शिला. बाकीचे भिक्षु झोंपलेले होते. सकाळीं त्यांना कळलें तेव्हां ते रडले. त्यांत जोसेलिनही होता. ज्याच्यासाठीं सर्वांनीं घरदार सोडलें त्याच्या दर्शनालाही आपल्याला बोलावलें नाहीं, ही ती वेदना होती.

जोसेलिनची बखर १२०२ सालीं एकाएकीं थांबते. जॉन राजानें बोलाविलें म्हणून सॅम्सन समुद्रापलीकडे निघाला आहे. जातांना भिक्षूंच्या तक्रारी दूर करण्याचें आश्वासन त्यानें दिलें आहे. परत आल्यावर मात्र त्याबाबत विशेष कांहीं घडलें नाहीं. सॅम्सन १२११ च्या डिसेंबर अखेरीस वारला. जॉन व पोप यांच्या भांडणामुळें त्या वेळीं इंग्लंडांत धर्मकृत्यें बंद होतीं. म्हणून इंग्लंडांतील एका मोठ्या मठाच्या अधिपतीचें दफन विधीशिवाय झालें, आणि बंदी उठल्यावर १२१४ सालीं त्याचा देह मठाच्या सभागृहांत आणून ठेवला गेला. १५३९ सालीं आठव्या हेन्रीनें मठ बंद केला. आज तेथें भग्न भिंती आहेत. पश्चिमेकडील ज्या दर्शनी भागाचे मनोरे सॅम्सननें पुरे केले त्याच्या अवशेषांत पुढें लोकांनीं राहतीं घरें बांधलीं आहेत. त्याच्या कॅलेंडराचा मजकूर मात्र टिकला आणि १९५४ सालीं छापला गेला.

कार्लाइलला या कथेंत जें हवें होतें तें मिळालें. १८४० नंतरच्या इंग्लंडांत गिरण्या चालू असतां मजूर उपाशी होते. मतांच्या पेट्यांनीं व अर्थशास्त्राच्या सूत्रांनीं हा प्रश्न सुटत नाहीं, योग्य माणूस शोधून त्याच्या हातीं सत्ता द्या, असें त्याला सांगावयाचें होतें. आणि सॅम्सन हा त्या म्हणण्याचा जिवंत दाखला होता. त्याच्या मांडणींत भिक्षूंची कुरकुर ही मोठ्या माणसाला क्षुद्रांकडून होणारी पीडा ठरते. या उपदेशाचा मोह आपल्यालाही पडतो. आपल्याकडील शाळा, मंडळें, वाचनालयें, पतपेढ्या यांचा कारभार बिघडला म्हणजे आपण सगळे मनांतून एखाद्या सॅम्सनचीच वाट पाहत असतों. आणि तो मिळाला कीं वहीखातें त्याच्या स्वाधीन करून सुटकेचा निःश्वास टाकतों.

पण जोसेलिनचें पुस्तक नीट वाचलें तर तें दुसरेंच कांहीं सांगतें. तेहतीस शिक्के गोळा झाले तेव्हां मठाची लूट थांबली, हें खरें. परंतु त्या शिक्क्यांबरोबर, हा मठ आमचाही आहे, ही जाणीवही हळूहळू मठपतीच्या पेटींत बंद झाली, हेंही तितकेंच खरें. कर्ज काढतांना बहुमताची संमति घ्यावी, हा सॅम्सनचा पहिला हुकूम योग्य होता. त्या हुकुमांत भिक्षूंना वाटेकरी करण्याचें बीज होतें. पण पुढील वर्षांत त्यानें तें वाढविलें नाहीं. माणसें चुकतात असें दिसलें कीं त्यांना शिकविण्याऐवजीं त्यांचें काम स्वतःकडे घेणें त्याला सोपें वाटलें. आणि समर्थ माणसाला हा मार्ग नेहमींच सोपा वाटतो. घराबाहेरच्या दुबळ्यांना दूर लोटणें आणि घरांतल्यांना गप्प बसविणें, या दोन्ही गोष्टी त्याच्या हातून वाईट हेतूनें झाल्या नाहींत. मठाचें हित या एकाच मापानें सर्व मोजण्याच्या संवयीनें झाल्या.

म्हणून या चरित्रांत जोसेलिनचें स्थान सॅम्सनच्या खालोखाल मानूं नये. हा मनुष्य आपल्या गुरूवर प्रेम करीत होता. त्याच्या उणीवा लिहितांना त्याची लेखणी जड झालेली दिसते. एकदां त्यानें धीर करून मठपतीला विचारलेंही कीं, आपण बाहेरच्या वाड्यांवर असतां प्रसन्न असतां, मग मठांत आल्यावर आपला चेहरा असा कां होतो? यहुदी लोकांच्या बाबतींत त्याचा विवेक त्याच्या काळाच्या पलीकडे गेला नाहीं, आणि तेथें तो आपल्या गुरूइतकाच दोषी आहे. परंतु कर्ज फिटल्याचा आनंद आणि समाधीच्या दाराबाहेर राहिलेल्यांचें रडणें, हीं दोन्ही त्यानें एकाच वहींत लिहिलीं. एकासाठीं दुसरें खोडलें नाहीं. सॅम्सननें मठाचा जो हिशेब लिहवून घेतला त्यांत खंड, सेवा आणि पेन्या होत्या. जोसेलिननें लिहिलेल्या हिशेबांत सॅम्सन स्वतःही होता. संस्था वांचविण्यास पहिल्या वहीची गरज लागते. पण ती कोणासाठीं वांचवावयाची, हें दुसऱ्या वहीवांचून कळत नाहीं.